लालपरी दिवस, शिवनेरी दिवस

हाउन्स्लो, लंडन
रविवार, १७ ऑगस्ट २०२५

ती. ताई आणि भाऊजी यांस,


भाऊजींची एक्सेलची फाइल मिळाली. रंगसंगती सुरेख आहे. दिवाळीच्या सुट्टीत लंडन, सात दिवस, चार माणसं, आणि ‘दैनंदिन खर्च (सरासरी)’ या पिवळ्या रकान्यात माणशी ३०० रुपये स्थानिक प्रवास, ५०० रुपये चहापाणी व जेवण. ती फाइल मी अण्णांना दाखवली. त्यांनी चष्मा लावला, काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला आणि विचारलं, “जावईबापूंनी महाबळेश्वरचा हिशेब चुकून पाठवला का गं?”

फोनवरच सांगितलं असतं. पण आपल्या घरात फोनवर हिशेब काढायला बसलं की तिसऱ्या मिनिटाला आई मध्ये येते, ‘पोरं जेवली का’ विचारते, आणि मग पाऊण तास कुणाच्या तरी मुलीचं लग्न ठरतं किंवा मोडतं. म्हणून हे पत्र. आणि यातले आकडे माझे नाहीत, अण्णांच्या वहीतले आहेत. मे महिन्यात विमानातून उतरल्या दिवसापासून त्यांनी ती वही ठेवली आहे. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, खाली तांबड्या शाईने शेरा. एसटीत चौतीस वर्षं काढलेला माणूस. स्टँडवर माइक घेऊन गाड्या सोडायचा. तो लंडनला सोडणार होता थोडाच!

आधी मुख्य दुखण्याचं सांगते. त्याचं नाव गुणाकार. पौंडाचा भाव सध्या एकशे अठरा रुपयांच्या आसपास आहे. अण्णांनी पहिल्या आठवड्यात एकशे अठराचा पाढा पाठ केला आणि त्यानंतर आठ दिवस घराबाहेर काही खाल्लं नाही. चार पौंडांची कॉफी म्हणजे ४७२ रुपये. ‘एवढ्यात साताऱ्याला राजवाड्यावर चौघांचा नाश्ता होऊन वर पान खाता येतं,’ असं म्हणून ते नळाचं पाणी प्यायचे आणि आम्ही तिघं कॉफी पिताना आमच्याकडे असे बघायचे, की जणू आम्ही त्यांचा प्रॉव्हिडंट फंड पितोय. याच्या उलट दुखणं आमच्या घरधन्याला आहे. इथे दहा वर्षं राहून त्याचा गुणाकार साफ मेलाय. ‘पाचच पौंड की!’ हे त्याचं पालुपद. पाचच पौंड, पाचच पौंड करत त्याने एका शनिवारी साठ उडवले आणि हातात धरून दाखवावी अशी एकही वस्तू घरी आणली नाही.

आईने मात्र आपलं स्वतंत्र चलन काढलं. तिचं चलन कोथिंबीर. आमच्या इथल्या दुकानात एका पौंडाला चांगली मोठी जुडी मिळते. त्यामुळे कॉफी म्हणजे चार जुड्या, सिनेमा म्हणजे पंधरा जुड्या. “पंधरा जुड्या कोथिंबिरीच्या वड्या केल्या तर अख्खी आळी जेवेल,” असं म्हणून तिने सिनेमा रद्द केला. मला हे गणित पटलं. परक्या शहरातल्या किमतीची तुलना त्याच शहरातल्या दुसऱ्या वस्तूशी करावी, साताऱ्याशी करू नये. तुम्ही येताना ठरवूनच या, की गुणाकार दिवसातून एकदाच. रात्री, जेवण झाल्यावर, बसून. भुकेल्या पोटी तर नाहीच.

आता प्रवास. भाऊजी, तुमचे ३०० रुपये म्हणजे अडीच पौंड. त्यात बसचं एक तिकीट येतं आणि पाऊण पौंड उरतो. बसचं भाडं १ पौंड ७५ पेन्स. कुठूनही कुठेही, टप्पे नाहीत. पहिल्या बसमध्ये कार्ड टेकवल्यापासून एका तासात कितीही बस बदला, पैसे तेवढेच. आणि दिवसभरात बसमध्ये कितीही हिंडलात तरी ५ पौंड २५ पेन्सच्या वर पैसे कापत नाहीत. मेट्रोला, म्हणजे इथल्या ट्यूबला, अशीच मर्यादा आहे, पण ती तुम्ही किती लांबून येता त्यावर. आम्ही चौथ्या झोनमध्ये. इथून शहराच्या मध्यापर्यंत दिवसभर वर-खाली केलं तर माणशी १२ पौंड ८० पेन्सला गाडं थांबतं, आणि त्यात बसही आली. हे सगळं यंत्र आपोआप करतं, पास-बीस काढावा लागत नाही. अण्णांना हे इतकं आवडलं की पहिल्याच दिवशी म्हणाले, “हे आमच्या महामंडळाला कळवलं पाहिजे.” दुसऱ्या दिवशी म्हणाले, “नको. पगार निघायचे नाहीत.”

पण एका माणसाला एकच कार्ड, हे काळ्या दगडावरची रेघ समजा. ताई, तुझं वेगळं, भाऊजींचं वेगळं. एकाच कार्डावर दोघांना आत जाता येत नाही. आणि ज्या वस्तूने आत गेलात त्याच वस्तूने बाहेर पडा. मी शहाणी, जाताना फोन टेकवला आणि बाहेर पडताना त्याच खात्याचं कार्ड टेकवलं. माझ्या लेखी ते एकच. यंत्राच्या लेखी दोन माणसं, एक आत जाऊन गायब झालेला आणि एक आकाशातून बाहेर पडलेला. दोघांकडूनही सगळ्यात जास्तीचं भाडं कापलं गेलं. अण्णांनी ते वहीत ‘मुलीचा हलगर्जीपणा’ या शीर्षाखाली टाकलंय, आणि ते शीर्ष आजतागायत चालू आहे. बसमध्ये मात्र फक्त चढताना टेकवायचं. उतरताना आई अजून दारापाशी कार्ड घेऊन यंत्र शोधत असते.

पोरांचं सांगते. धाकटा अकराच्या आत, त्यामुळे मोठ्या माणसाबरोबर तो फुकट. थोरलीसाठी ऑयस्टर कार्ड घ्यायचं आणि स्टेशनवरच्या माणसाला सांगून त्यावर पाहुण्या मुलांची सवलत चढवून घ्यायची. अकरा ते पंधरा वयाला ती चौदा दिवस मिळते आणि भाडं निम्मं होतं. ही सवलत कुणी आपण होऊन सांगत नाही, मागावी लागते. म्हाताऱ्या पाहुण्यांना मात्र काही नाही. अण्णा शहात्तरचे, तिकडे पंचाहत्तरीनंतर एसटी फुकट. त्यामुळे इथल्या ड्रायव्हरला त्यांनी मोठ्या विश्वासाने आधार कार्ड दाखवलं. त्याने ते नीट पाहिलं, फोटो पाहिला, अण्णांना पाहिलं आणि यंत्राकडे बोट केलं. इथली फुकट प्रवासाची सवलत फक्त लंडनकर म्हाताऱ्यांना. मग अण्णांनी सुटे पैसे काढले, तर बसमध्ये रोख २०१४ पासून बंद! आणि कंडक्टर तर कधीचाच गेला. मागच्या दाराशी कंडक्टर उभा असायचा त्या जुन्या रूटमास्टर गाड्या डिसेंबर २००५ मध्ये नेहमीच्या मार्गांवरून काढल्या. हे ऐकून अण्णा दोन स्टॉप गप्प होते. आईने मात्र विचारून घेतलं, “बायकांना अर्धं तिकीट?” नाही म्हटल्यावर म्हणाली, “मग कसलं राणीचं राज्य?” राणी जाऊन तीन वर्षं झाली, हे मी तिला सांगितलं नाही.

आता तुम्हाला ‘बसचा दिवस’ सांगितलाच पाहिजे, कारण भाऊजींचा स्वभाव मला माहीत आहे आणि ही कल्पना तुम्हालाही सुचणार आहे. अण्णांनी एका रात्री वजाबाकी मांडली. ट्यूबने दोघांचे २५ पौंड ६० पेन्स, बसने १० पौंड ५० पेन्स. बचत १५ पौंड १० पेन्स. “ट्यूबमध्ये दिसतं काय? काळोख. त्यासाठी पंधरा पौंड?” दुसऱ्या दिवशी आईने तीन पुडाचा डबा भरला, थालीपीठ, दही, लसणाची चटणी, आणि आम्ही तिघं निघालो. मी तिसरी, देखरेखीला. आमच्याकडून एच ९१ नंबरची बस हॅमरस्मिथला जाते आणि तिथून ९ नंबर थेट ट्रॅफल्गर चौकात. कागदावर फार देखणं दिसतं. पहिलं कार्ड टेकवलं नऊ वाजून दहा मिनिटांनी. म्हणजे दहा वाजून दहाच्या आत दुसऱ्या बसमध्ये चढलो तर ती फुकट.

चिझिकपाशी गाडी उभी राहिली ती राहिलीच. अण्णा आधी बसून घड्याळ बघत होते, मग उभं राहून बघायला लागले. मग ड्रायव्हरच्या काचेपाशी जाऊन पुढची वाहतूक बघू लागले. निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली तरी अडकलेली गाडी दिसली की त्यांचा हात माइक शोधतो. “रिव्हर्स घेऊन उजवीकडून काढायला पाहिजे,” ते मला म्हणाले. मी म्हटलं, अण्णा, तो ऐकणार नाही. “ऐकणार नाही, पण काढायला पाहिजे.” हॅमरस्मिथ आलं तेव्हा दहा वाजून सहा झाले होते. अण्णा पुढे, मी मागे, माझ्यामागे आई. आणि आईने तेवढ्यात जाहीर केलं की आपल्याला जाऊन यायचंय. आता यावर कुणी काय बोलणार! ती जाऊन आली तेव्हा दहा सोळा झाले होते. तिघांचे पुन्हा पावणेदोन-पावणेदोन कापले गेले.

पण ती ९ नंबरची बस, ताई! वरच्या मजल्यावर अगदी पुढची बाकं रिकामी मिळाली. समोर भलीमोठी काच. डावीकडे बागा, उजवीकडे रॉयल अल्बर्ट हॉलचा तांबडा घुमट, हाइड पार्कचा कोपरा. आईने पदर खोचला आणि लहान मुलासारखी पुढच्या दांड्यावर हात ठेवून बसली. अण्णा वळणावळणाला पाय आपटून ब्रेक दाबत होते. पावणेदोन पौंडांत याहून भारी काही या शहरात मिळत असेल तर मला दाखवा. पोरांना घेऊन तुम्ही हे एकदा कराच.

उतरल्यावर आई म्हणाली, “डबा कुठाय?”

डबा हॅमरस्मिथला बाकावर. साडेबारा वाजलेले, अण्णांनी साखरेची गोळी घेतलेली, त्यांना थांबता येईना. समोर दिसलं त्या हॉटेलात शिरलो. नाव सांगत नाही. डाळ, भात, तीन नान, एक भाजी. ३६ पौंड ५० पेन्स, आणि त्याखाली बारीक अक्षरात साडेबारा टक्के सेवा आकार. एकूण ४१ पौंड ६ पेन्स. हा सेवा आकार बहुतेक ठिकाणी ऐच्छिक असतो, नको असेल तर ‘काढा’ म्हणता येतं, हे मी त्यांना बाहेर पडल्यावर सांगितलं. ती माझी दुसरी चूक, तीही वहीत आहे. त्या दिवसाचा शेरा शब्दशः देते: ‘बचत १५.१०. तास चुकला. डबा गहाळ. जेवण ४१.०६. दृश्य उत्तम.’ आईचा शेरा वेगळा: “ज्याला डबा मिळाला त्याचं नशीब. थालीपीठ चांगलं झालं होतं.”

या दिवसानंतर अण्णांनी दोन रात्री विचार केला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना आपला सिद्धान्त सांगितला. भाऊजी, तुमची सरासरी इथेच मोडते. अण्णा म्हणाले, “सरासरी तिकीट असं काही असतं का? माणूस एक तर लालपरीने जातो, नाही तर शिवनेरीने. दोन्हींची सरासरी काढून कुणी मधल्या सीटवर बसत नाही.” सरासरी धरली की रोज थोडं थोडं चोरून खर्च होतो आणि एक दिवसही मनासारखा जात नाही. त्यापेक्षा दिवसांचीच वर्गवारी करायची. लालपरी दिवस, हिरकणी दिवस आणि शिवनेरी दिवस.

लालपरी दिवस म्हणजे फक्त बस, घरचा डबा आणि जिथे तिकीट नाही अशी ठिकाणं. आमच्याकडून एच ३७ बसने रिचमंडला जा, तिथून ६५ ने पुढे. रिचमंड पार्कात हरणं मोकळी हिंडतात, बघायला पैसे नाहीत. तुमच्या चौघांचं बसभाडं तेरा पौंडांच्या आसपास, वर आइस्क्रीम आणि चहाला बारा धरा. पंचवीसमध्ये दिवस साजरा.

हिरकणी दिवस म्हणजे ट्यूबने शहरात जायचं. तुम्हा दोघांचे २५.६०, थोरलीचे ६.४०, धाकटा फुकट. बरोब्बर ३२. मग फुकटातली मोठी ठिकाणं. आणि या बाबतीत हे शहर इतकं उदार आहे की अण्णांना संशय येतो. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, डायनोसॉरवालं नॅचरल हिस्टरी म्युझियम, शेजारचं सायन्स म्युझियम, सगळ्यांना कायमच्या दालनांसाठी प्रवेश मोफत. दाराशी दानपेटी असते. आई त्यात देवळासारखा एक पौंड टाकते आणि हात जोडते. कशाला जोडते हे मी विचारलेलं नाही. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमही फुकट, पण तिथे वाघनखं शोधू नका. ती २०२४ च्या जुलैत तीन वर्षांच्या मुदतीवर महाराष्ट्रात गेली, पहिल्यांदा आपल्याच साताऱ्यात. तुम्ही ती घरापासून रिक्षाने जाऊन पाहिलीत. आणि त्यांचीच रिकामी जागा बघायला आम्ही इथे दोन गाड्या बदलून गेलो!

याच दिवशी चॉक फार्म स्टेशनला उतरून १०, किंग हेन्रीज रोडला जाऊन या. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या घरात राहत होते. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं. पैशांची चणचण, तरी पोटाला चिमटा काढून बाबासाहेब दिवस दिवस ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात बसायचे. अण्णा त्या घरात बराच वेळ होते. परतीच्या ट्यूबमध्ये त्यांनी वही उघडली नाही. त्या संध्याकाळी स्टेशनबाहेर त्यांनी आपण होऊन चौघांना कॉफी पाजली.

हिरकणी दिवसाला खाण्यापिण्याचे आणखी अठ्ठावीस धरा. दुपारी सुपरमार्केटमध्ये सँडविच, वेफर्स आणि थंड पेय असं मिळून साडेतीन-चार पौंडांत मिळतं. शाकाहारी पुडीवर खूण असते, वाचून घ्या. पाण्याची बाटली विकत घेऊ नका, नळाचं पाणी चांगलं आहे. जिथे दारू मिळते तिथे नळाचं पाणी मागितलं तर फुकट द्यावंच लागतं, असा इथला कायदाच आहे. अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा पबमध्ये पाऊल टाकलं ते पाणी मागायला. आणि ‘जाऊन यायचं’ असेल तर मोठ्या रेल्वे स्टेशनांवर किंवा म्युझियममध्ये. तिथे पैसे पडत नाहीत. म्हणजे ३२ आणि २८ मिळून हिरकणी दिवसाचे साठ झाले.

उरला शिवनेरी दिवस. आठवड्यात एकच. त्या दिवशी गुणाकाराला घरी कुलूप लावून यायचं. टॉवर ऑफ लंडनला मोठ्या माणसाचं तिकीट पस्तीस पौंडांच्या घरात, पोरांना निम्मं. तुमचे चौघांचे झाले १०५. ट्यूब ३२, बाहेरचं एक पोटभर जेवण ७०, किरकोळ १०. एकूण २१७. कोहिनूर तिथे आहे. अण्णा काचेपुढे उभे राहून म्हणाले, “तिकीट आपण काढायचं आणि हिराही आपलाच!” सुरक्षा रक्षकाने हसून मान डोलावली. त्याला मराठी कळली नसावी.

तर भाऊजी, तुमच्या सात दिवसांत तीन लालपरी, तीन हिरकणी, एक शिवनेरी. ७५ अधिक १८० अधिक २१७, एकूण ४७२ पौंड. (कॉफीच्या रुपयांचा आकडाही हाच होता, हा योग अण्णांनी वहीत चौकटीत लिहिलाय.) रुपयांत ५५ हजार ७००च्या आत. यात राहण्याचा खर्च नाही, कारण तुम्ही आमच्याकडे राहणार आहात. ‘दोन रात्री मध्यवर्ती हॉटेलात’ अशी जी हिरवी ओळ तुम्ही घातली आहे ती पुसून टाका. त्या सुमारास इथल्या शाळांनाही सुट्टी असते आणि चौघांच्या खोलीचे दर ऐकून तुम्हाला साखरेची गोळी लागेल. दिवाणखान्यात गाद्या घालू. पाहुणे आले की गाद्या घालायच्या, हा आपला रिवाज लंडनच्या घरमालकांना मान्य नसला तरी मोडवत नाही.

काटकसरीचीही एक हद्द असते हे अण्णांना या उन्हाळ्यात क्रिकेटने शिकवलं. जुलैत लॉर्ड्सला भारताचा कसोटी सामना. तिकिटाचा आकडा ऐकून अण्णांनी वही मिटली. घरी टीव्हीवर पाहिला. शेवटच्या दिवशी जडेजा एका बाजूने चिवटपणे उभा, आणि आपण २२ धावांनी हरलो. “बघ, पैसे वाचले!” अण्णा म्हणाले, आणि दोन दिवस ही बचत त्यांनी सगळ्यांना ऐकवली. मग ओव्हलचा सामना. नवरा म्हणाला, शेवटच्या दिवशी जाऊ या. अण्णा म्हणाले, हरायला कशाला जायचं? ४ ऑगस्टच्या सकाळी सिराजने शेवटची विकेट उडवली आणि आपण ६ धावांनी जिंकलो. सहा, ताई! आमच्या घरापासून दोन गाड्यांच्या अंतरावर. अण्णा दिवसभर वहीकडे फिरकले नाहीत. त्या तारखेपुढे एकच ओळ आहे: ‘जायला पाहिजे होतं.’ खर्चाचा रकाना कोरा.

किरकोळ सूचना उरल्या. वेस्टमिन्स्टर ॲबीला आत जायचं तिकीट भारी आहे, पण संध्याकाळच्या प्रार्थनेला बसायला पैसे नाहीत. आई बसून आली, “गाणारी पोरं गोड, पण प्रसाद नाही.” बागेतल्या पट्ट्यापट्ट्याच्या कापडी आरामखुर्च्यांवर बसू नका. अण्णा एकीत ऐसपैस बसले, डोळा लागला, जागे झाले तर समोर कार्डाचं यंत्र घेऊन एक पोरगा उभा. त्या खुर्च्या भाड्याच्या असतात. बाक फुकट, गवत फुकट. विमानतळावरून आमच्याकडे टॅक्सी करू नका, पिकॅडिली लाइन थेट येते. आणि शहरात उतरणारा कुणी तुमच्याबरोबर असेल तर त्यालाही सांगा, त्याच विमानतळावरून ट्यूबने मध्यापर्यंत ५ पौंड ८० आणि शेजारच्या एलिझाबेथ लाइनने १३ पौंड ९०. एलिझाबेथ लवकर पोचवते, हे खरं.

भाऊजींच्या काकांनी त्यांच्या जुन्या वारीतल्या वीस पौंडांच्या नोटा दिल्यात, असं तू म्हणालीस. त्या कागदी आहेत की प्लॅस्टिकच्या, बोटाने चोळून बघ. कागदी वीस आणि पन्नासच्या नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर दुकानात चालत नाहीत. बँक ऑफ इंग्लंडमध्ये बदलून मिळतात, पण तुमचा एक हिरकणी दिवस त्या रांगेत जाईल. तसंही इथे रोख लागतच नाही. पौंड भरलेली फॉरेक्स कार्डं आणा, दोन.

येताना भाजणी, गोडा मसाला, लसणाची चटणी आणि तीन पुडाचा एक डबा. मुलांना आशीर्वाद. आईचा निरोप की थोरलीच्या स्वेटरच्या बाह्या मोजून कळव.

तुझी,
धाकटी

ता. क. कंदी पेढे आणू नका. दुधाचे पदार्थ भारतातून इथे आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. अण्णांनी हे ऐकलं आणि दोन दिवस हळहळले. त्यांचं म्हणणं, निघायच्या आदल्या दिवशी मोती चौकातून पाव किलो घ्या आणि आमच्या दोघांच्या वाटचे तिथेच खाऊन या. त्याचे पैसे ते तुम्हाला रुपयांत देणार आहेत.